पानाच्या तळाची ओळ

(कासू येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



एआय म्हणजे काय, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. ते तुमच्या खिशात आहे. मी आले आहे ती एका ओळीसाठी. एआयच्या मदतीने केलेल्या प्रत्येक स्वाध्यायपत्रिकेच्या तळाशी एक ओळ हवी: मजकूर कुठला, परवाना कोणता, यंत्राने त्यात काय केलं आणि तपासलं कोणी. ती ओळ नसलेला कागद मुलाच्या हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

परवान्यांचं थोडक्यात सांगते. मोफत आणि मुक्त हे शब्द आपण एकच समजतो, तिथे घोटाळा होतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पण त्यांचे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव आहेत. वर्गात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ने मोकळीक दिली आहे. तोच धडा यंत्राकडून बदलून, पुस्तिका छापून तालुकाभर वाटायची असेल, तर परवानगी मागायला हवी. आता ‘प्रथम बुक्स’चं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ घ्या. २०१५पासून तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याच्या गोष्टी आहेत. अनुवाद करा, आपल्या आगरी बोलीत आणा, छापा. लेखकाचं, चित्रकाराचं, आधीच्या अनुवादकाचं नाव द्या आणि बदल केला असेल तर तसं लिहा. विकिपीडियाची अट आणखी एक पाऊल पुढे जाते: तुम्ही केलेलं पानही त्याच परवान्याने इतरांना खुलं करा. आणि ज्या परवान्यात ‘बदल नको’ असं म्हटलंय, त्या मजकुराचा यंत्राने केलेला अनुवादसुद्धा वाटता येत नाही. अनुवाद हाही बदलच असतो.

आता ती ओळ का हवी ते सांगणारी उघाडीची, म्हणजे खाडीच्या बांधातल्या झडपेच्या दाराची, गोष्ट. 

चौथीच्या मुलांसाठी मला भरती-ओहोटीवर एक पान हवं होतं. विकिपीडियावरचा इंग्रजी लेख घेतला, एआयला दिला आणि म्हटलं, सोप्या मराठीत दे. छान दिलं. चंद्राची ओढ, दिवसातून दोनदा भरती, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, सगळं जागेवर. मग मला मोह झाला. म्हटलं, हे आमच्या खारेपाटाशी, खाडीकाठच्या शेतीशी, जोडून दे. त्यानेही लगेच एक परिच्छेद लिहिला: भरतीच्या वेळी बांधातली उघाडी उघडते आणि शेतीला पाणी मिळते.

(हशा. मागून एक आवाज: ‘मग भात नाही, मीठ पिकल!’)

बरोबर बोललात काका! तुम्हाला हसू आलं, कारण तुम्ही उघाडीवर उभे राहिला आहात. पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांसाठी सांगते. बांधातल्या उघाडीची झडप फक्त खाडीच्या बाजूला उघडते. भरती चढली की बाहेरचं पाणी झडप दाबून धरतं आणि खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. माणूस लागत नाही, मोटर लागत नाही. झडपेत ओंडका अडकला किंवा बांधाला खांड पडली, की उधाणाचं पाणी शेतात शिरतं आणि त्या मिठाने पुढचं पीकही मार खातं. हे ज्ञान इथल्या माणसांनी चिखलात उभं राहून मिळवलेलं आहे. यंत्राने ते नेमकं उलटं केलं, आणि वाक्य इतकं सफाईदार होतं की मीही पहिल्या वाचनात पुढे गेले. संध्याकाळी शेजारच्या आजोबांना वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, ह्यान आमाला बुडवलान.’

विकिपीडियाच्या लेखात उघाडी नव्हतीच. दिलेल्या मजकुरातून यंत्र सोपं करत होतं, तोवर चूक मूळ लेखाशी ताडून पकडता येत होती. मी त्याला मजकुराबाहेर पाठवलं आणि ताडायला काहीच उरलं नाही. म्हणून मी म्हणते, यंत्राला मजकूर द्या, त्याच्या आठवणीवर विसंबू नका. आणि मजकुराबाहेरचं जे असेल, ते त्या ओळीत वेगळं दाखवा.

(एका शिक्षकाने विचारले: ‘मॅडम, दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे. ओळ लिहायला वेळ कुठून आणायचा? मुलं शिकली की झालं ना?’)

मी तुमच्यावर आणखी एक रकाना लादायला आलेले नाही. मीसुद्धा दोन वर्ग एकत्र घेतले आहेत, आणि रात्री अकराला पत्रिका करताना डोळे मिटतात हे मला माहीत आहे. म्हणूनच म्हणते. तुमची पत्रिका उद्या नागोठण्याच्या शिक्षकाकडे जाईल, तिथून रोह्याला. ओळ असेल तर त्यांना कळेल की पहिला भाग ताडलेला आहे आणि दुसरा गावात विचारायचा आहे. ओळ नसेल, तर प्रत्येकाने पुन्हा पहिल्यापासून तपासायचं, किंवा कोणीच तपासायचं नाही. यातलं दुसरंच घडतं, हे तुम्हीही जाणता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं.  एवढं मात्र सांगते: मुलांची नावं, फोटो, गुण यंत्रात टाकू नका. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, आणि कायदा नसता तरी ते लेकरू आपल्या भरवशावर वर्गात बसलेलं आहे.

माझ्या त्या पानाच्या तळाशी आता काय लिहिलंय, ते वाचून थांबते. ‘भरती-ओहोटीचा मजकूर: इंग्रजी विकिपीडिया, लेखाचा दुवा सोबत. परवाना: क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय द्या आणि याच अटींवर वाटा; हे पानही त्याच परवान्याने खुले. अनुवाद व सुलभीकरण: एआय, मूळ लेखाशी ताडले: वर्गशिक्षिका. उघाडीचा परिच्छेद: एआयने लिहिलेला काढून टाकला. नवा परिच्छेद: गावातल्या एका शेतकऱ्याने सांगितला, वर्गशिक्षिकेने लिहून घेतला, ओहोटीच्या वेळी उघाडीवर जाऊन पडताळून पाहिला.’