सोळा किलो दगड



तुम्ही स्नेहसंमेलनाच्या रंगमंचामागच्या पडद्यावर राकेश शर्मा, कल्पना चावला आणि जे. आर. डी. टाटा यांची चित्रं लावली आहेत. रंगवणाऱ्या मुलांचं आधी कौतुक करतो. ही चित्रं पाहिली आणि ठरवलं, आज धाडसाबद्दल बोलायचं. मी भूशास्त्राचा माणूस. माझं आयुष्य तुमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या खडकांवर हातोडी मारण्यात गेलं. तेव्हा माझी सुरुवात दगडांपासूनच होणार.

१७ जानेवारी १९१२ रोजी इंग्लंडचा कॅप्टन रॉबर्ट स्कॉट चार साथीदारांसह दक्षिण ध्रुवावर पोहोचला. तिथे नॉर्वेचा झेंडा आधीच फडकत होता. रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबरलाच येऊन गेला होता. शर्यत हरलेली, अंगातली शक्ती संपत आलेली, आणि हजार किलोमीटरहून कितीतरी लांबची परतीची वाट समोर. स्लेज ओढायला ना कुत्री ना घोडे. पट्टे खांद्याला बांधून माणसांनीच ती ओढायची.

८ फेब्रुवारीला हे पाच जण बिअर्डमोर हिमनदीवर एका उघड्या कड्यापाशी आले. त्यांच्यातला एडवर्ड विल्सन डॉक्टर होता आणि निसर्गाचा अभ्यासकही. त्या कड्यात त्याला कोळशाचे थर दिसले, आणि दगडांवर पानांचे ठसे. बर्फाशिवाय काही नसलेल्या खंडावर झाडाची पानं! साथीदार एडगर इव्हान्सची तब्येत तोवर ढासळायला लागली होती, आणि एकेक तास लाखमोलाचा होता. तरी ते थांबले. त्यांनी नमुने गोळा केले आणि स्लेजवर चढवले. वजन सुमारे १६ किलो, म्हणजे पाण्याने भरलेल्या एका घागरीएवढं.

नऊ दिवसांनी इव्हान्स गेला. मार्चमध्ये त्यांच्यातल्याच ओट्सच्या पायांना हिमदंश झाला. आपल्यामुळे सोबती रखडताहेत हे ओळखून तो वादळात तंबूबाहेर पडला आणि परत आला नाही. उरलेल्या तिघांनी ओझं कमी करायला कॅमेरा टाकला, मोजमापाचं थिओडोलाइट टाकलं. दगड मात्र विल्सनच्या आग्रहावरून ठेवले. शेवटचा तंबू त्यांनी ठोकला तेव्हा अन्नाचा पुढचा साठा वीस किलोमीटरच्या आसपास होता. वादळ थांबलं नाही. महिनाअखेरीस तिघांनीही त्या तंबूत प्राण सोडले.

त्यांच्या शोधाला निघालेल्या तुकडीबरोबर भारतातून पाठवलेली सात खेचरं होती. लाल खान, गुलाब, बेगम, राणी अशी त्यांची नावं. अंटार्क्टिकाच्या इतिहासात या मुक्या जनावरांची नावं लिहून ठेवली गेली, याचा मला फार आनंद वाटतो. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी तंबू सापडला. आत तीन मृतदेह, डायऱ्या, आणि जवळच स्लेजवर ते दगड.

दगड इंग्लंडला पोहोचले. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. स्यूअर्ड यांनी ते तपासले आणि १९१४ मध्ये निष्कर्ष छापला. ही पानं ग्लॉसोप्टेरिस या झाडाची होती. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध शीर, दोन्ही बाजूंना जाळीदार बारीक शिरा. पंचवीस कोटी वर्षांपेक्षा जुनं झाड. आता नीट ऐका. हेच झाड तुमच्या पायाखाली आहे. घुग्घूस, बल्लारपूर, दुर्गापूरच्या खाणींतून जो कोळसा निघतो, तो ज्या काळच्या दलदलीत तयार झाला, त्या काळच्या जंगलात ग्लॉसोप्टेरिसचंच राज्य होतं. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज तुम्हाला माहीत आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच कामठीच्या परिसरातून असे ठसे जमवले होते.

दक्षिण अमेरिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातही हे पान मिळत होतं. त्या झाडाचं जड बी समुद्र ओलांडून जाणं अवघड. मग ही सगळी जमीन कधीकाळी एकत्र होती का? गोंडांच्या या मुलखावरून नाव पडलेल्या गोंडवन खंडाची कल्पना आधीच मांडली गेली होती. अंटार्क्टिका त्यात बसतो याचा भक्कम पुरावा त्या १६ किलोंमध्ये होता. खंड सरकतात हे जगाने मानायला आणखी पन्नासेक वर्षं लागली. पण ज्या पुराव्यांवर ते मानलं गेलं, त्यात विल्सनच्या दगडांचं स्थान पक्कं आहे.

काही जण म्हणतात, मरणाच्या दारात दगड ओढणं हा वेडेपणा होता. मी हे मान्य करत नाही. स्कॉटच्या चुका मोठ्या होत्या. घोड्यांवर त्याने नको इतका भरवसा ठेवला. अन्नाचा मोठा साठा ठरल्यापेक्षा पन्नासहून अधिक किलोमीटर अलीकडे ठेवावा लागला, आणि तेच अंतर शेवटी जिवावर बेतलं. मोहिमेचा नेता म्हणून आमुंडसेन सरस होता. त्याने आपली सगळी माणसं जिवंत परत आणली, आणि तुम्ही कधी दुर्गम डोंगरात गेलात तर त्याच्यासारखी तयारी करून जा. पण ज्ञानासाठी उचललेलं ओझं त्या माणसांनी टाकलं नाही, याला मी धाडस म्हणतो. आपल्याला फळ दिसणार नाही, हे त्यांना शेवटी कळून चुकलं होतं.

या पडद्यावरच्या माणसांकडे आता त्याच नजरेने पाहा. जेआरडी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून एका इंजिनाच्या छोट्या पस मॉथ विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमानात प्रवासी नव्हते, लोकांची पत्रं होती. त्याच उड्डाणातून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

कल्पना चावला यांच्याबद्दल थोडं जास्त बोलू द्या. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान उतरायला सोळा मिनिटं उरली असताना फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले, एवढं तुम्हाला ठाऊक असतं. त्याआधीचे सोळा दिवस सहसा कोणी सांगत नाही. त्या दिवसांत हे सात जण दोन पाळ्यांत, चोवीस तास, ऐंशीच्या आसपास प्रयोगांवर काम करत होते. वेकोलिच्या कोळसाखाणींच्या गावात पाळी म्हणजे काय हे मला सांगायला नको. त्यातला एक प्रयोग झेनॉन वायूचा होता. ढवळल्यावर एखादा द्रव पातळ का वाहू लागतो, हे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा अडथळा टाळून मोजायचं होतं. काही माहिती उड्डाणातच खाली पाठवली गेली होती, बाकीची हार्ड डिस्कवर होती. टेक्सासमध्ये विखुरलेल्या अवशेषांत ती डिस्क मिळाली, जळालेली, तडकलेली. तज्ज्ञांनी तिच्यातली जवळजवळ सगळी माहिती वाचवली आणि २००८ मध्ये तो शोधनिबंध छापून आला. मी तो वाचला तेव्हा मला बिअर्डमोर हिमनदी आठवली आणि डोळे भरून आले.

२०२५ च्या उन्हाळ्यात भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात होते. त्यांच्या प्रयोगांत मेथी आणि मुगाला मोड आणण्याचाही प्रयोग होता. कोणाला तो किरकोळ वाटेल. मला वाटत नाही. दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसांनी उद्या काय खायचं, याचं उत्तर अशाच कामातून येणार आहे.

आणि मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेल्या. सोबत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या या पहिल्या दोन महिला. एकीने समुद्राचा अभ्यास केला, दुसरीने शिर्माकर टेकड्यांचे खडक तपासले. आजही आपल्या ध्रुवीय मोहिमांची आखणी वास्कोच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रातून होते, आणि भूशास्त्र, जीवशास्त्र, हवामानशास्त्र शिकलेल्या तरुणांना तिथे काम मिळतं. चंद्रपूरच्या मुलीने तिथवर जावं अशी माझी फार इच्छा आहे.

प्राचार्यांना एक विनंती करतो. तुमच्या ग्रंथालयात काचेचं एक कपाट जीवाश्मांसाठी मोकळं करा. मुलांनी खाणीच्या ढिगाऱ्यांवर एकट्याने मुळीच चढू नये, तिथे जीव जातो. पण शिक्षकांबरोबर, खाणीच्या अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन जा. पानाचा ठसा दिसला तर उचलण्याआधी फोटो काढा, आणि ठिकाण, थर, तारीख, शोधणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे लिहा. त्या नोंदीशिवाय नमुन्याचा अभ्यासाला उपयोग नाही. माझ्याकडचे ग्लॉसोप्टेरिसचे नमुने, त्यांच्या नोंदवह्यांसकट, मी आजच कार्यालयात ठेवून जातो आहे. कपाटाची सुरुवात त्यांनी करा, आणि पुढच्या स्नेहसंमेलनापर्यंत त्यात तुमच्या हाताने लिहिलेली नोंद असलेला निदान एक नमुना ठेवा.