कोरडा खोकला आणि ज्येष्ठमध



खोकला झाला की अडुळशाचा काढा, असे समीकरण आपल्या घरोघरी रूढ आहे. वस्तुतः आयुर्वेदाने खोकल्याचे 5 प्रकार मानले. रात्री ठसका लागणारा, कोरडा, तो वातज. अडुळसा कफ सोडवतो. पण जेथे कफच नाही, तेथे तो सोडवणार काय? तेथे हवी स्निग्धता. म्हणून ज्येष्ठमधाची कांडी चघळावी, किंवा सितोपलादी चूर्ण तुपात कालवून चाटावे. या चूर्णाचे प्रमाण मोठे सुबक आहे. खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2, दालचिनी 1. एकदा ऐकले की विसरणे अशक्य! (ज्येष्ठमध आपण आपला मानतो खरा, पण तो पुष्कळसा अफगाणिस्तान-इराणकडून येतो.)

आता माझी फजिती सांगतो. एका हिवाळ्यात मी महिनाभर ज्येष्ठमध चघळत होतो, खोकला हटेना. अखेर डॉक्टरांनी माझी रक्तदाबाची गोळी पाहिली. रामिप्रिल. या वर्गातील औषधांनी काहींना असाच कोरडा खोकला लागतो. गोळी बदलली, काही आठवड्यांत ठसका गेला. गंमत पुढेच आहे. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतला, तर तोच रक्तदाब वाढवतो आणि शरीरातील पोटॅशियम घटवतो. म्हणजे मी उपाय म्हणून अपायच चघळत होतो! डॉक्टर काढ्यांचे वैरी नव्हते. त्यांचा प्रश्न एवढाच होता, ‘महिनाभर थांबलात कसे?’ दोन आठवड्यांवर खोकला टिकला, तर क्षयाची तपासणी करायची असते, हे पत्रकार असूनही मला त्या दिवशी कळले.