गळा आहे, पण गाणं नाही

हेडफोन नीट लावा, लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा. नेहमीप्रमाणे हा भाग बोलला तसाच उतरवून काढलाय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

मागच्या भागानंतर एकाचा व्हॉइस मेसेज आला. चिडलेला होता. म्हणाला, "काल 'उडता पंजाब' बघितला. दिलजीत दोसांझसारखा गाणारा माणूस हातात, आणि त्याला पोलीस केलंय! आणि पॉपस्टार कोण? तर शाहिद कपूर. हे म्हणजे सचिनला संघात घ्यायचं आणि ड्रिंक्स आणायला पाठवायचं."

मी हसलो. मग विचार करत बसलो, कारण मलाही हे आधी असंच वाटायचं. 2016 चा सिनेमा. टॉमी सिंग स्टेजवर उड्या मारतो, ओरडतो, आणि तो आवाज शाहिदचा नाहीच. खरा गायक सरताज सिंग नावाचा साधा पोलीस बनून हप्ते घेतोय, मग धाकट्या भावाच्या काळजीने आतून तुटतोय. अल्बममध्ये दिलजीतच्या आवाजातलं गाणं आहे, पण सरताज काही गात नाही. आणि गंमत बघा, त्या वर्षीचा पदार्पणाचा फिल्मफेअर त्यालाच मिळाला. पंजाबीत तो आधीच मोठा स्टार होता, हिंदीत मात्र 'नवीन'. असो.

तर प्रश्न असा: गाणाऱ्या माणसाला न गाणारी भूमिका देणं म्हणजे गळा वाया घालवणं का?

थोडं मागे जाऊया. संगीत नाटकात हा प्रश्नच नव्हता. गाता येत नाही तर नायक कसा होणार? बालगंधर्व असोत की मास्टर दीनानाथ, नट आणि गायक एकच. सुरुवातीचा बोलपटही तसाच. प्रभातच्या 1936 च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस स्वतः गातात, आणि म्हणून ते तुकाराम खरे वाटतात. पण त्याच सुमारास, 1935 नंतर, पार्श्वगायन रुळायला लागलं. चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा. तिथून पुढे दोन वेगळी खाती झाली, आणि एकाच माणसाकडे दोन्ही असेल तर त्याचं करायचं काय, हा घोळ सुरू झाला.

या घोळाचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे किशोर कुमार. 1958 चा 'रागिनी'. पडद्यावर किशोर, शास्त्रीय वळणाचं गाणं, आणि आवाज मोहम्मद रफींचा. ओ. पी. नय्यर यांचं संगीत. पुढच्याच वर्षी 'शरारत', शंकर-जयकिशन, पुन्हा तेच: ओठ किशोरचे, गळा रफींचा. पहिल्यांदा बघताना मला वाटलं, यूट्यूबवर कोणीतरी ऑडिओ चुकीचा लावलाय. 'रागिनी'चं मी समजू शकतो. किशोर शास्त्रीय शिकलेला नव्हता आणि गाणं त्या जातीचं होतं. पण 'शरारत'चं मला आजही पटत नाही. तिथे दुःखी गाणं आहे, आणि दुःखी गाण्यात किशोर काय करू शकतो हे नंतर सगळ्या देशाने ऐकलं.

मला वाटतं वाया घालवणं म्हणतात ते हे. भूमिका गाण्याची आहे, माणूस गाणारा आहे, आणि तरी गळा बाहेरून आणलाय. 'पडोसन'मध्ये 1968 साली या सगळ्याचीच थट्टा झाली. सुनील दत्त खिडकीत उभा राहून नुसते ओठ हलवतो, मागे लपलेला किशोर गातो. पार्श्वगायन हीच कथेतली लबाडी!

(आता 'कट्यार'चे चाहते मला शिव्या घालतील.) 2015 चा 'कट्यार काळजात घुसली'. सचिन पिळगांवकर खांसाहेब झाले, गळा राहुल देशपांडेंचा. सचिन स्वतः गातात. पण खांसाहेब म्हणजे वसंतराव देशपांड्यांनी 1967 च्या नाटकात उभा केलेला माणूस, तिथे घराण्याचीच गायकी लागणार. आणि राहुलने रंगमंचावर आजोबांची ही भूमिका केलेलीच होती. म्हणजे बघा, नाटकातला खांसाहेब सिनेमात नुसता आवाज होऊन आला. सचिनच्या नजरेतला तो अहंकार, तो जळफळाट राहुलला जमला असता का? माहीत नाही. इथे मी गप्प बसतो.

आता उलटी बाजू. गाण्याची भूमिकाच नाही, तरी गाणारा माणूस घेतलाय. 'चुंबक' बघितलात? नसेल तर बघा. स्वानंद किरकिरे, ज्यांना आपण 'हजारों ख्वाहिशें ऐसी'पासून गीतकार आणि गायक म्हणून ओळखतो, ते इथे एका भाबड्या, बुद्धीने लहान मुलासारख्या माणसाच्या भूमिकेत आहेत. एक पोरगा त्याला फसवायला निघालाय. या भूमिकेसाठी त्यांना 2018 सालच्या सिनेमांचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी सिनेमा बघताना फक्त बोलण्याकडे लक्ष दिलं. शब्द सोडायला तो माणूस जो वेळ घेतो, तो वेळ कधी रटाळ होत नाही. गाणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा ते माहीत असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे थांबायचं ते. हे गाण्यातूनच आलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण मला ते तसं ऐकू येतं.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हा भाग केला, तो सिनेमा. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल'. मराठी सिनेमा, 2020 साली व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता, पटकथेचा पुरस्कार घेऊन आला, पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर आला. नायक शरद नेरुळकर. शास्त्रीय गायक व्हायला निघालेला, जीव तोडून रियाज करणारा, रात्री बाईकवर गुरूच्या गुरूंची जुनी व्याख्यानं कानात घालून फिरणारा. आणि तरी तो मोठा गायक होत नाही. एवढीच गोष्ट आहे.

ही भूमिका केली आदित्य मोडकने. तो खराखुरा शास्त्रीय गायक आहे, वर सीए पण झालाय. अभिनय त्याने आधी केलेला नव्हता. गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड, तेही जयपूर-अत्रौलीचे खरे गायक, आणि व्यवसायाने इंजिनिअर! (आपल्या लोकांचं नाव आलं की मी जरा ताठ बसतो.)

आता विचार करा. चांगल्या गायकाला घेतलंय, आणि त्याला काय सांगितलंय? की तू कमी पडणारा गायक हो. वाईट नाही, कमी पडणारा. बेसूर गाणं सोपं आहे हो, मी बाथरूममध्ये रोज गातो. पण शरद बेसूर नाही. सूर लागतोय, ताना येतायत, तालीम दिसतेय. फक्त ते काहीतरी उमलत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या टेस्ट केसेस पास, पण कोड उघडून वाचावासा वाटत नाही.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हे कळलंच नाही. मला वाटलं, गातोय की छान, मग गुरुजी का बोलतायत? दुसऱ्यांदा एका गाणं शिकलेल्या मैत्रिणीबरोबर बघितला. ती मध्येच पॉज करून म्हणाली, "त्याचे खांदे बघ. तो पुढची जागा आधीच ठरवून ठेवतोय. आत्ता लागलेला सूर तो ऐकतच नाहीये." ते दिसलं आणि मग सगळा सिनेमाच वेगळा दिसायला लागला.

हे न गाणाऱ्या नटाला जमलं असतं? माझं उत्तर: नाही. त्याने गायकाचे हातवारे शिकून घेतले असते, आणि मागे कोणीतरी उत्तम गायलं असतं. मग शरद आपोआप मोठा गायक वाटला असता आणि सिनेमाच कोसळला असता. कमी पडण्याचं नेमकं माप घ्यायला पूर्ण गाता येणाराच माणूस लागतो. स्वतःच्या गळ्यातलं चांगलं तेवढं काढून ठेवायचं, आणि उरलेलं जगासमोर मांडायचं. कुठल्याही तरुण गायकाच्या पोटात गोळा येईल. उद्या लोक म्हणणार, अरे हा तर तो, ज्याला जमत नाही!

मी प्रवेशिका पूर्णपर्यंत हार्मोनियम शिकलो. अकरावीला एंट्रन्सच्या क्लासमुळे सुटली ती सुटलीच. आई अजून कधीतरी पेटीवरची धूळ पुसते आणि काही बोलत नाही. सिनेमाच्या शेवटी लोकलमध्ये शरद बायको-मुलीबरोबर बसलेला असतो आणि डब्यात एक जण गात गात पैसे मागत येतो. कॅमेरा शरदवर थांबतो. आदित्य मोडक तिथे गात नाही, बोलत नाही, नुसता ऐकतो. खऱ्या गायकाचं ऐकणं आहे ते. मी त्या जागी थांबलो आणि पेटीचा फोटो पाठव म्हणून आईला मेसेज केला. तिने विचारलं, "का रे, विकायचीये?"

तर त्या चिडलेल्या मित्रा, सरताज सिंगबद्दल तुझं म्हणणं अर्धंच पटतंय. तोच दिलजीत 2024 मध्ये 'अमर सिंग चमकीला'मध्ये स्वतः गायला, आणि ते बघताना मला सरताजचा दबलेला आवाज आठवला. दोन्ही लागोपाठ बघ आणि पुन्हा व्हॉइस मेसेज पाठव. चिडलास तरी चालेल, फक्त दोन मिनिटांपेक्षा छोटा ठेव. भेटू पुढच्या भागात.