उभ्या शब्दाची साक्ष

शब्दकोडं सोडवणाऱ्यांचा एक नियम असतो. आडवा शब्द कितीही चपखल वाटला, तरी उभ्या शब्दाची साक्ष निघेपर्यंत तो शाईने लिहायचा नाही. मी लिहिला होता.

कॉलेज अर्धवट सोडून मी नोकरी धरली, तेव्हा अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ते संस्कृतचे शिक्षक. त्यांचा रागही व्याकरणशुद्ध! तीन महिने आईच निरोप पोचवायची. रविवारचं कोडं मात्र आम्ही दोघंही सोडवत राहिलो, एकाच कागदावर. ते सकाळी, मी दुपारी.

एका रविवारी आडवा शब्द विचारला होता : 'संस्कृत नाटकाचा शेवट, चार अक्षरे.' मी ठोकून दिलं, 'फलागम'. संध्याकाळी पाहतो तर समासात पेन्सिलीने दोन शब्द : 'हरीण पाहा.' तिसऱ्या घरातून खाली उतरणारा शब्द होता दुष्यंताने पाठलाग केलेला प्राणी. म्हणजे तिसरं अक्षर 'ह'. उत्तर 'निर्वहण'!

नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत, त्यातली शेवटची फलागम. आणि कथानकाचे पाच संधी : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. फलागम म्हणजे नायकाला फळ मिळणं. निर्वहण म्हणजे आरंभापासून विखुरलेले धागे एकत्र आणणं. ग्रीक रंगभूमीवर अडलेली गाठ सोडवायला कधीकधी यारीने देव उतरवत. अ‍ॅरिस्टॉटलला ते रुचलं नाही. गाठ कथेतूनच सुटावी, असं त्याचं म्हणणं.

'शाकुंतला'त अंगठी सापडते, राजाला सारं आठवतं, तो सहावा अंक. पण नाटक तिथे संपत नाही. सातव्या अंकात, मारीच ऋषींच्या आश्रमात, राजाला शकुंतलेच्या पायांवर डोकं ठेवावं लागतं. चूक आठवणं वेगळं, वाकणं वेगळं.

आमच्या घरात यारी नव्हती. मी शब्द गिरवून दुरुस्त केला, कागद घेऊन अण्णांसमोर गेलो आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी कोडं पाहिलं. म्हणाले, "यापुढे शाईने लिहू नकोस."

नोकरी मी सोडली नाही. त्यांचं मतही बदललं नाही. पण पुढच्या रविवारी कोडं सोडवायला आम्ही एकाच वेळी बसलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)