भिकबाळी

एखाद्या प्रौढ गृहस्थानें आपल्या स्वतःच्या उजव्या कानाविषयीं पंधरा मिनिटें बोलावें, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. तरी आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. गेल्या दोन-अडीच वर्षांत मीं त्या कानाची वरची कड दोन वेळां टोचून घेतली. पहिल्या खेपेस कान बेडौल होण्याची वेळ आली होती. दुसऱ्या खेपेस, टोचण्यापूर्वीं, मला पांच घरीं भीक मागावी लागली. या दोहोंपैकीं अधिक दुखलें काय, तें मला अद्याप नीटसें ठरवितां आलेलें नाहीं.

कान टोचणें ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. बारशाच्या आगेंमागें सोनार घरीं येतो, तान्ह्या मुलाच्या दोन्ही पाळ्यांतून सोन्याची बारीक तार घालतो, मूल एकदां किंचाळतें, आणि सोनाराच्या हातीं नारळ व दक्षिणा पडली कीं समारंभ संपतो. माझेंहि तसेंच झालें होतें. तीं छिद्रें मी शाळेंत जाण्यापूर्वींच बुजून गेलीं. बायका कानाची वरची कडहि टोचून घेत व तेथें बुगडी घालीत. माझ्या आजीच्या पिढींतील बायकांत बुगडीचें छिद्र नसलेला कान मीं क्वचितच पाहिला. पुरुषांनीं त्या जागीं घालावयाचा दागिना म्हणजे भिकबाळी. सोन्याच्या तारेंत ओंवलेले दोन पाणीदार मोती व त्यांच्यामध्यें एक तांबडा खडा, एवढेंच बहुधा तिचें रूप. पेशवाईंतील चित्रांत ती दिसते. २०१५ सालीं ‘बाजीराव मस्तानी’ हा बोलपट निघाला, त्यानंतर तिला पुन्हा बरे दिवस आले. गणेशोत्सवांत ढोल वाजविणाऱ्या पथकांतील तरुणांच्या कानीं ती हटकून असते. मात्र त्यांतल्या पुष्कळशा नुसत्या दाबून बसविण्याच्या. संध्याकाळीं काढून डबींत टाकाव्या, कानाला त्याची वार्ताहि नसते.

मला तशी चालण्यासारखी नव्हती, कारण माझ्याजवळची भिकबाळी आजोबांची होती.

आमचें मूळ घर आष्ट्याचें. चौंडेश्वरीच्या भावईमुळें हें नांव आपणांपैकीं कित्येकांच्या कानांवरून गेलें असेल. वाळवे तालुक्यांतील हें गांव सांगलीपासून मोटारीनें अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर आहे. आजोबा जन्मले तेव्हां तें सातारा जिल्ह्यांत मोडत असे. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. आजोबांच्या आधीं माझ्या पणजीला तीन मुलें झालीं व तिन्ही गेलीं. एक प्लेगांत गेलें, आणि दोघें १९१८ च्या इन्फ्लुएन्झांत एका आठवड्याच्या आंत गेलीं. त्या वर्षीं पाऊसहि फिरकला नव्हता. धान्य महाग, माणसें आधींच खंगलेलीं, आणि त्यावर हा ताप. हिंदुस्थानांत त्या सांथींत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं असा अंदाज आहे. १९२१ सालीं आजोबा जन्मले, तेव्हां पणजी बाराव्या दिवशीं पदर पसरून गल्लींत निघाली. कोणीं पैसा दिला, कोणीं अधेली, एकीनें म्हणे तुटक्या मण्यांतलें सोनें काढून दिलें. त्याची बाळी घडवून ती मुलाच्या कानीं घातली.

भिकबाळी हें नांव त्यावरून पडलें. हें मूल आमचें नव्हे, भिकेंत मिळालेलें आहे, तेव्हां काळानें त्याची दखल घेऊं नये, अशी ही भाबडी चतुराई. भिकाजी, धोंडू, दगडू, केरू हीं नांवें याच युक्तींतून निघालीं. मुलाचें नाक टोचून त्याला मुलीप्रमाणें नथ घालीत, त्यावरून नथू आणि नथोबा झाले. आपण सुशिक्षित माणसें या समजुतींना हंसतों. मीहि हंसत असें. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं या देशांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें दोनशें मुलें वर्षाचीं होण्यापूर्वींच जात, हा आंकडा वाचल्यापासून माझें हंसणें कमी झालें. २०२० सालीं महाराष्ट्रांत तोच आंकडा १६ वर आला होता. हजारांत दोनशें म्हणजे दर पांचांत एक. पांच पाळण्यांपैकीं एक रिकामा होणार हें ठाऊक असतां आईनें काय करावें?

आजोबांनीं ती बाळी १९९८ सालीं देह ठेवीपर्यंत वागविली. वडील शाळामास्तर होते. त्यांना ती गांवठी वाटे, म्हणून ती कपाटांतल्या चांदीच्या करंडींत राहिली. त्यांच्या मागें ती माझ्याकडे आली आणि मला ती घालावीशी वाटली. यांत पितरांविषयींचा आदर किती आणि मिरवण्याची हौस किती, याचा हिशेब मीं त्या वेळीं केला नाहीं.

एका मोठ्या शहरांत कामासाठीं गेलों असतां, एका झगझगीत दुकानांत मीं कान पुढें केला. टोचण्याचें काम एका पिस्तुलासारख्या यंत्रानें झालें. खट्ट असा आवाज आला, आणि सगळें आटोपलें. दुखलें म्हणावें तर फारसें नाहीं. पुण्याच्या एका मित्राला मीं फुशारकीनें छायाचित्रहि धाडलें. तिसऱ्या रात्रीं कानांत ठणका सुरू झाला. सकाळीं आरशांत पाहतों तो कानाचा वरचा अर्धा भाग वांग्याच्या रंगाचा, तापलेला, सुजून डोक्यापासून सुटा उभा राहिलेला. आणि गंमत अशी कीं खालची पाळी जशीच्या तशी होती.

या पाळीनेंच निदान केलें. सांगलीच्या शल्यवैद्यांनीं कान पाहतांच सांगितलें कीं जंतू कूर्चेच्या आवरणांत शिरले आहेत. हा भेद आपण सर्वांनीं समजून घेण्यासारखा आहे. कानाची पाळी मऊ मांसाची. तींत रक्त खेळतें, म्हणून तेथील जखम सहा ते आठ आठवड्यांत भरते. वरचा भाग मात्र कूर्चेचा. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण असतें व त्या आवरणांतून तिला जें काय पोषण झिरपतें तेवढ्यावर ती जगते. तेथें पू सांचला कीं आवरण कूर्चेपासून सुटतें, कूर्चा उपाशी मरते, आणि कान पिळलेल्या फडक्यासारखा आक्रसून जातो. एकदां आक्रसला कीं पूर्ववत् होणें कठीण. हा उद्योग बहुधा ‘स्यूडोमोनास’ नांवाचे जंतू करतात. अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत २००० सालीं एकाच विक्रीकेंद्रावर कान टोचून घेतलेल्या सात जणांना याच जंतूंची बाधा झाल्याचें सिद्ध झालें, आणि ते सर्व वरच्या कूर्चेंत टोचून घेतलेले होते. शिवाय पिस्तुलाची दांडी बोथट असते. ती कूर्चा छेदीत नाहीं, चेंगरते. आणि यंत्राचें अंग प्लास्टिकचें असल्यास त्याला दाबाच्या वाफेंत घालून निर्जंतुक करतां येत नाहीं. माझ्या कानाला चीर देऊन पू काढावा लागला, आणि दहा दिवस औषधें चाललीं. कान वांचला. एक बारीकसा वण राहिला. टोचलेलें छिद्र अर्थातच बुजवून टाकावें लागलें.

घरीं पडून असतां मीं जुनीं पुस्तकें काढलीं. सुश्रुतानें सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कान टोचण्यास दिला आहे. मूल सहासात महिन्यांचें असावें, शुक्लपक्ष असावा, मुलाचा उजवा कान आधीं आणि मुलीचा डावा. दाईच्या मांडीवर मूल बसवून त्याला खेळण्यांनीं रिझवावें, कान डाव्या हातानें ताणून सूर्याच्या उजेडाकडे धरावा, म्हणजे पाळींत जी नैसर्गिक पातळ जागा उजळलेली दिसेल तेथेंच सुई सरळ न्यावी. रक्त फार आलें, वेदना फार झाली, तर जागा चुकली असें समजावें. छिद्रांत कापसाची वात ठेवावी व दर तिसऱ्या दिवशीं ती थोडी थोडी जाड करावी. केवढी ही सावधगिरी, आणि तीहि रक्तानें भरलेल्या मऊ पाळीसाठीं! त्याच अध्यायांत पुढें तुटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार आहेत. म्हणजे कान टोचल्यावर काय काय बिघडतें, हें त्या वैद्यानें पुरतें पाहिलें होतें.

कूर्चा जाणूनबुजून चिरणारे लोक आपल्याकडे आहेत, ते कानफाटे नाथजोगी. आमच्याच जिल्ह्यांतलें बत्तीस शिराळें गोरखनाथाचें ठाणें म्हणून प्रसिद्ध आहे. जोग्याच्या दीक्षेंत गुरु दुधारी सुरीनें कानाचा मधला भाग चिरतो. जॉर्ज वेस्टन ब्रिग्ज यांनीं १९३८ सालीं या पंथावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांत चिरलेल्या जागीं कडुलिंबाच्या काड्या घालून ती लिंबाच्या पाण्यानें धूत राहण्याची रीत दिली आहे. जखम भरेपर्यंत जोग्यानें एका जागीं राहावें, आणि मोठीं कुंडलें त्यानंतर घालावीं. मीं तर टोचल्याच्या दिवशीं रात्रीच्या गाडीनें उजव्या कुशीवर झोंपून प्रवास केला होता.

कान बरा झाल्यावर मी आष्ट्यास गेलों. घरीं माझी आत्या असते. ऐशी उलटलेली, नजर अजून तीक्ष्ण. तिनें वण पाहिला, हकीकत ऐकली आणि म्हणाली, “हौसंनं घालाय निगालास व्हय रं? ती मागून घालायची असती. आदी पाच घरं माग.”

माझा कान सुजला तो न मागितल्यामुळें, असें तिचें म्हणणें. तें मीं मानलें नाहीं, अजूनहि मानीत नाहीं; पिस्तुलाचा दोष पिस्तुलाकडेच राहूं द्यावा. परंतु वस्तु जिची, अटहि तिचीच, इतकें मला पटलें. पणजीची आठवण सांगणारें आतां तेवढें एकच माणूस उरलें आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी गल्लींत निघालों. पहिल्या घरच्या सूनबाईंनीं दार अर्धें उघडून “कसली वर्गणी?” असें विचारलें आणि मी काय बोलावें हें न सुचून “भिकबाळीची” म्हणालों. त्यांनीं दहा रुपये दिले व पावती मागितली. दुसऱ्या घरचे म्हातारबुवा आजोबांना ओळखत. त्यांनीं कांहीं न विचारतां वीस रुपयांची नोट माझ्या खिशांत कोंबली. एका दारापाशीं जाऊन मी कडी न वाजवितांच परत फिरलों. आयुष्यभर पगार घेतलेल्या माणसाला हात पसरतां येत नाहीं, हें मला त्या दारांत कळलें. चौकांतल्या शिंप्यानें दहा दिले, हंसत दिले. चौथें घर आमच्या मागच्या आळींतलें. त्या घरचा तरुण मुलगा आदल्या वर्षीं अपघातांत गेला होता. हें मला दार उघडल्यावर आठवलें, आणि तोपर्यंत माझ्या तोंडून भिकबाळीचें नांव निघून गेलें होतें. त्या बाईंनीं विचारलें, “मुलगा केवढा आहे तुमचा?” मुलासाठीं नव्हे, माझ्याचसाठीं मागतों आहें, असें मला सांगावें लागलें. मग बाळी कोणाची तें सांगितलें. त्यांनीं विचारलें, “त्यांना किती वर्षं मिळाली?” मीं म्हटलें, “सत्त्याहत्तर.” त्या आंत गेल्या, बराच वेळ आल्या नाहींत, आणि मग अकरा रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. पांचव्या घरीं मी कसा गेलों व तिथें काय मिळालें, तें सांगण्यासारखें नाहीं. दहा रुपये मिळाले.

एकूण एकसष्ट रुपये. तेवढ्यांत आज गुंजभर सोनेंहि येत नाहीं. गांवच्या सोनारानें तेच मजुरी म्हणून घेतले व बाळीची झिजलेली कडी डाग देऊन सारखी करून दिली.

टोचण्याचें काम या वेळीं सांगलीच्या त्याच शल्यवैद्यांकडे झालें. त्यांनीं वण टाळून, जुन्या जागेच्या नखभर खालीं शाईचा ठिपका दिला, मला आरसा दाखविला, आणि बंद पाकिटांतून काढलेली एकदांच वापरावयाची पोकळ सुई घातली. काकडी मोडावी तसा आवाज कानाच्या अगदीं जवळ झाला. आजोबांची बाळी मीं सोबत नेली होती. ती त्यांनीं परत खिशांत ठेवावयास लावली. जुनी तार बारीक आणि खरखरीत असते, ती ताज्या जखमेला करवतीसारखी कापते. पहिलें वर्ष टायटॅनियमची गुळगुळीत सळई, मग सोनें. पाव चमचा मीठ कपभर पाण्यांत घालून तें उकळावें, निववावें, आणि त्यानें दिवसांतून दोनदां जागा धुवावी. सळई फिरवूं नये, तेल लावूं नये, हळद लावूं नये. सांगलीच्या वैद्यानें हळद नको म्हणावें, यावर आत्याचा अजून विश्वास बसलेला नाहीं.

उजव्या कुशीवर न झोंपण्याची संवय लागण्यास दोन महिने लागले. दूरध्वनि डाव्या कानाला, न्हाव्याला प्रत्येक वेळीं ताकीद, सदरा गळ्यांतून काढतांना श्वास रोखून. चौथ्या महिन्यांत जखम भरली असें वाटलें. एका उशीच्या धक्क्यानें ती पुन्हा ओली झाली. वरची कड भरावयास सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत लागतात. मला अकरा महिने लागले.

गेल्या दिवाळींत मीं सळई काढून बाळी घातली आणि आष्ट्यास आत्यापुढें जाऊन बसलों. तिनें चष्मा चढविला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळविलें, आणि बराच वेळ पाहिलें.

“बापूंची जरा वर हुती,” ती म्हणाली.