तेल, गोळी आणि श्वास



माघ-फाल्गुनात आमच्या हिंगोली-वसमतकडे हळद शिजवून, वाळवून ढोलात घासू लागले की तिची पिवळी धूळ थेट अंगणापर्यंत येते. मी जुना दमेकरी. धुळीशी माझे वैर फार दिवसांचे आहे. परंतु माझ्या आयुष्यातील सर्वांत वाईट झटका धुळीने आला नाही. एका संध्याकाळी डोके दुखत होते म्हणून ॲस्पिरिनची गोळी घेतली आणि तासाभरात छाती कोणी दोराने आवळावी तशी झाली. ती रात्र प्राणवायूच्या नळीवर गेली.

एवढ्याशा गोळीने असे का व्हावे? त्याचे उत्तर स्निग्ध पदार्थांत आहे.

श्वासनलिकेभोवती स्नायूंची वेटोळी असतात. ती आपल्या इच्छेने हलत नाहीत. आवळली की वाट अरुंद होते, सैलावली की श्वास मोकळा होतो. शरीरातील पेशींच्या पापुद्र्यात ॲराकिडोनिक नावाचे मेदाम्ल साठविलेले असते. पेशीस चेतना मिळताच ते सुटे होते व त्यास दोन वाटा फुटतात. एका वाटेने ल्यूकोट्राइन तयार होतात. ते हा स्नायू जोराने आवळतात. दुसऱ्या वाटेने जे प्रोस्टाग्लँडिन निर्माण होतात, त्यांपैकी 'ई-२' त्यास सैल करते. एकाच आईची ही दोन लेकरे, पण स्वभाव किती भिन्न! स्वीडनचे बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन आणि इंग्लंडचे व्हेन यांना या संशोधनाबद्दल १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ॲस्पिरिन दुसरी वाट अडविते, हे व्हेन यांनी १९७१ मध्येच दाखविले होते. म्हणजे माझ्या गोळीने सैल करणारा हात बांधला आणि आवळणारा मोकळा सोडला. प्रौढ दमेकऱ्यांत शंभरांत सुमारे सातांची प्रकृती अशी असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनीही त्यांना तोच त्रास होतो.

आता आमच्या स्वयंपाकघराकडे वळू. मराठवाड्याच्या करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलेइक अम्ल असते, ज्यापासून शरीर ॲराकिडोनिक बनविते. मात्र खाल्ले तितके बनत नाही, म्हणून करडईस गुन्हेगार ठरवू नये. जवसाच्या तेलातील निम्म्याहून अधिक अम्ल मत्स्यतेलाच्या जातीचे, परंतु त्याचे मत्स्यतेलात रूपांतर अगदी थोडे होते. डेन्मार्कात गर्भवती स्त्रियांना मत्स्यतेल दिले, तेव्हा त्यांच्या मुलांत दमा व घरघर सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळली. तो प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. तथापि दमा जडलेल्या मनुष्यास मत्स्यतेलाने खात्रीने गुण येतो, असे सिद्ध झालेले नाही.

विशेष कौतुकाची गोष्ट अशी की, मेदाम्ले ओळखणारे ग्राहक खुद्द स्नायूवरच असतात. एक जात चेतविली की स्नायू आवळतो. चौथ्या क्रमांकाची चेतविली की तो सैलावतो, असे उंदरांच्या व मानवी श्वासनलिकेवर २०२० मध्ये दिसून आले. त्यातून औषध निघेल तेव्हा निघो.

परवा शेजारच्या सूनबाईंनी विचारले, "गुरुजी, बाळाला जवसाची चटणी देते, आता फवारा बंद करू का?" मी म्हणालो, "चटणी खुशाल द्या, पण डॉक्टरांना विचारल्यावाचून फवाऱ्याला हात लावू नका." सालब्युटॅमॉलचा फवारा काही मिनिटांत स्नायू सैल करतो; चटणीला ते जमत नाही. माझा फवारा सदऱ्याच्या खिशात असतो, आणि त्याच्यासोबत 'ॲस्पिरिन देऊ नये' असे लिहिलेली चिठ्ठी.