अंगमेहनत गेली, ताट राहिलें

लठ्ठपणा हा गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या शहरी माणसाचा विकार होय, कष्टाळू खेड्याला त्याचें भय नाहीं, असा समज महाराष्ट्रांत पुष्कळ दिवस रूढ होता. आजचे आंकडे या समजाला आधार देत नाहींत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील शहरी स्त्रियांपैकीं तिघींमागें एक, आणि खेड्यांतील स्त्रियांपैकीं पांचजणींमागें एक, वाजवीपेक्षां अधिक वजनाची आढळली. पुरुषांची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यांत मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड हें गांव आहे. अशा गांवांतील दोन-तीन पिढ्यांपूर्वींचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. पहांटे जात्यावर दळण, मग विहिरीचें पाणी, मग डोक्यावर न्याहारी घेऊन शेताची वाट; पुरुष दिवसभर बैलांच्या मागें. आतां दळण गिरणींत जातें, पाणी नळानें येतें, शेतापर्यंत मोटारसायकल पोंचते, आणि नांगराचें काम ट्रॅक्टर करितो. सिंदखेडराजा तालुक्यांतून गेलेल्या समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि दिवसाचा प्रवास कांहीं तासांवर आला. या सुखसोयींबद्दल कोणी हळहळण्याचें कारण नाहीं. जात्याशीं झिजलेल्या बायांना तर त्या हव्याच होत्या. परंतु एक गोष्ट ध्यानीं घ्यावयास हवी. अंगमेहनत गेली, पण तिच्यासाठीं वाढलेलें ताट मात्र तसेंच राहिलें. उलट त्यांत फरसाण, बिस्किटें आणि गोड चहा यांची भर पडली.

वऱ्हाडाला ही गोष्ट तालमीच्या दाखल्यानें चटकन् पटेल. अमरावतीस १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालें, आणि व्यायामाची आवड या मुलखांत घरोघर पोंचली. तालमींतल्या जुन्या जाणत्यांना ठाऊक असतें कीं, मेहनत करणाऱ्या गड्याला खुराक अंगीं लागतो. पण तालीम सुटली आणि खुराक सुटला नाहीं, कीं तोच गडी चार वर्षांत ओळखूं येत नाहीं. आज घरोघरीं असेंच घडलें आहे. म्हणून वजन उतरविण्याचा आरंभ करणाऱ्यानें स्वतःला आळशी किंवा खादाड ठरवून घेऊं नये. गेलेल्या मेहनतीपैकीं थोडी परत आणावयाची आणि ताट त्या मानानें बेताचें करावयाचें, एवढेंच त्याचें काम आहे.

आरंभ तराजूनें न करितां शिंप्याच्या टेपानें करावा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत आपला दोघांचा फोटो छापविला. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के निघाली. भारतीय मनुष्य हातापायांनीं किरकोळ दिसतो आणि चरबी पोटापाशीं सांठवितो. मधुमेहाला हीच चरबी वाट करून देते. म्हणून भारतीय पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षां आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपेक्षां अधिक भरल्यास सावध व्हावें, असें वैद्यकशास्त्र सांगतें. महिन्यांतून एकदां घेर मोजून तो वहींत टिपला म्हणजे पुरे. रोज तराजूवर चढणाऱ्याचें मन पाण्याच्या चढउतारानेंही खचतें.

आतां हिशेब. एक ग्रॅम साखरेंत किंवा पिठांत सुमारें ४ उष्मांक असतात, एक ग्रॅम तेलातुपांत ९. दिवसांत चार पेले चहा, आणि प्रत्येक पेल्यांत दोन लहान चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर आणि १६० उष्मांक झाले. सत्तर किलो वजनाचा मनुष्य अर्धा तास झपझप चालला, तर जवळपास तितकेच उष्मांक खर्च होतात. म्हणजे सकाळीं घाम गाळून जें मिळविलें, तें संध्याकाळपर्यंत चहाच्या पेल्यांत विरघळून जातें. ज्या दुसरबीडनें स्वतःचा जिजामाता सहकारी साखर कारखाना पाहिला, तेथें साखरेला एकदम नकार देणें कोणास रुचणार? तेव्हां दोन चमच्यांचा एक करावा. पंधरा दिवसांत जीभ त्याला सरावते. मग अर्ध्यावर यावें.

जेवणांतही असाच सबुरीचा मार्ग बरा. ज्वारीची भाकरी सोडूं नये; चाराच्या तीन कराव्या, आणि मोकळ्या झालेल्या जागीं पालेभाजी, काकडी, मोड आलेली मटकी, घट्ट वरण किंवा बिनसाखरेचें दहीं यावें. डाळींनीं आणि कडधान्यांनीं भूक लांबते. तेल बाटलींतून थेट कढईंत न ओततां चमच्यानें मोजून घालावें. उपवासाविषयीं तर वेगळें सांगावयास नको. साबुदाणा हा निव्वळ पिष्ट पदार्थ; त्यांत तूप, दाण्याचें कूट आणि बटाटा पडला कीं ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण अक्षरशः खरी होते.

व्यायाम पहिल्या आठवड्यांत रोज पंधरा मिनिटें चालण्याचा असावा. चालतांना बोलतां येईल, पण गातां येणार नाहीं, इतकी गति ठेवावी. दर आठवड्यास पांच मिनिटें वाढवीत अर्ध्या तासावर यावें. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास, म्हणजे १५० मिनिटें झालीं. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं सांगितलेली किमान मर्यादा ती हीच. विदर्भाच्या उन्हाळ्यांत ऊन चढण्यापूर्वीं निघावें, आणि वाहनांचा रस्ता सोडून शिवारची वाट धरावी. यांच्या जोडीला आठवड्यांतून दोन वेळां स्नायूंना काम द्यावें: खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठावें, भिंतीला हात लावून दंडाची हालचाल करावी. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं ज्यांच्या प्रसारासाठीं आयुष्य वेंचलें, ते सूर्यनमस्कार पुढील महिन्यांत तीन-चारांपासून सुरू करावे. पहिल्याच दिवशीं पन्नास घालणारा चवथ्या दिवशीं गुडघा चोळीत बसतो.

मधुमेहाचीं औषधें किंवा इन्सुलिन घेणारे, रक्तदाबाचे व हृदयाचे रोगी, गरोदर स्त्रिया आणि गुडघेदुखीनें बेजार झालेले यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून यांपैकीं कशालाही हात घालूं नये. औषध तेंच ठेवून अन्न तोडल्यास रक्तांतील साखर धोक्याइतकी उतरूं शकते.

या कामांत एक अडचण वैद्यकाची नसून घराची आहे. पुरुष सकाळीं फिरावयास निघतो, त्या वेळीं घरची स्त्री डबे भरीत असते. सर्वांच्या मागून जेवतांना उरलेला भात वाया जाऊं नये म्हणून तीच तो संपविते, आणि पुढें वजन वाढल्याचा बोलही तीच ऐकते. तिला रोज अर्धा तास मोकळा मिळावा, अन्न बेतानें शिजावें, आणि पाहुण्याला वाढतांना ‘अजून एक’चा आग्रह आवरावा, एवढें घरानें मिळून ठरविलें नाहीं, तर तिच्या निश्चयाला कांहींच अर्थ उरत नाहीं. एकट्याचा आहार घरांत फार दिवस टिकत नाहीं. चूल एकच असते.

फळ केव्हां दिसेल? आठवड्यास अर्धा किलो उतरणें ही सुरक्षित चाल मानली जाते. कधीं कधीं महिनाभर कांटा हालतही नाहीं, आणि पुष्कळांचा निश्चय तेथेंच मोडतो. अशांनीं चेन्नईस झालेल्या एका प्रयोगाकडे पाहावें. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांना केवळ आहार व चालणें यांची शिस्त लावून दिली होती, त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण इतरांपेक्षां सुमारें २८ टक्क्यांनीं घटलें. आणि त्यांचें वजन म्हणावें असें उतरलेंही नव्हतें! तराजूनें दखल घेतली नाहीं, तरी शरीर दखल घेत असतें.

म्हणून नवशिक्यानें नियम इतका लहान ठेवावा कीं, लग्नसराईंत, पेरणीच्या घाईंत आणि परीक्षेच्या दिवसांतही तो मोडूं नये. एखादा दिवस चुकल्यास त्याची भरपाई उपाशी राहून करूं नये. दुसऱ्या दिवशीं नेहमींच्या वेळीं पायांत चपला घालाव्या आणि निघावें.